खाऱ्या पाण्यातील माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि क्षारता उतरविण्याचा उपाय

गोड्या पाण्यातील शोभिवंत मासे पाळण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. समुद्रातील रंगीत मासे टाकीत ठेवण्याचा व विकण्याचा उद्योग त्या मानाने अलीकडचा होय. मुंबईस १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या लोकांसही समुद्रातील जिवंत मासे काचेपलीकडे पाहावयास मिळाले. पुढे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नारिंगी-पांढऱ्या माशांच्या काही जातींची पैदास टाकीत करून दाखविली, आणि लहान प्रमाणावर हा व्यवसाय करणेही शक्य झाले. ह्या माशांची किंमत गोड्या पाण्यातील माशांच्या मानाने बरीच अधिक असते. म्हणूनच टाकीत एखादा रोग शिरला व आठ-दहा दिवसांत मासे मेले, तर लहान व्यावसायिकाचे भांडवलच बुडते.

अशा रोगांपैकी सर्वांत अधिक धास्ती पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची असते. माशाच्या अंगावर व परांवर साखरेच्या किंवा मिठाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके उठतात. मासा दगडाला व तळाला अंग घासतो, खाणे कमी करतो, आणि कल्ल्यांत रोग पसरला म्हणजे जलद श्वास घेऊ लागतो. कित्येकदा अंगावर चारदोनच ठिपके दिसतात, पण कल्ले मात्र पुरते ग्रासलेले असतात. असा मासा वरवर बरा दिसत असताना मरतो.

रोगाचे कारण क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परोपजीवी होय. त्याचे वर्णन जपानमध्ये सिकामा ह्यांनी १९३७ साली केले, आणि आजचे नाव ब्राउन ह्यांनी लंडन येथे १९५१ साली दिले. गोड्या पाण्यातील माशांनाही असाच दिसणारा ठिपक्यांचा रोग होतो. परंतु त्याचा परोपजीवी निराळा आहे. गोड्या पाण्यातील ठिपक्यांवर मीठ घालणे हा जुना व चांगला उपाय आहे. समुद्रातील माशांच्या बाबतीत नेमके ह्याच्या उलट, म्हणजे पाण्यातील मीठ कमी करावे लागते.

ठिपके गेले म्हणजे रोग गेला नव्हे

हा उपाय कळण्यापूर्वी परोपजीवीचे जीवनचक्र नीट समजून घेणे अवश्य आहे, कारण बहुतेक नुकसान ते न समजल्यामुळे होते.

अंगावर जो ठिपका दिसतो तो माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरून पोसला जाणारा परोपजीवी होय. तेथे तो साधारणपणे ३ ते ७ दिवस राहतो. पोट भरले म्हणजे तो आपण होऊन मासा सोडतो, तळाशी उतरतो, काही तास सरपटतो आणि वाळूस, दगडास किंवा काचेस चिकटून स्वतःभोवती कठीण कोष तयार करतो. कोषाच्या आत त्याचे वारंवार विभाजन होते व एका कोषातून शे-दोनशे, कधी त्याहूनही अधिक, पोहणारी पिले बाहेर पडतात. ह्या पिलांना एका दिवसाच्या आत मासा मिळाला नाही तर ती मरतात. कोष फुटण्यास किती दिवस लागतात ह्याचा मात्र नेम नाही. काही कोष तीन-चार दिवसांत फुटतात, बरेच आठवडाभरात फुटतात, आणि ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे.

आता टाकीच्या मालकाच्या दृष्टीने पाहू. सोमवारी ठिपके दिसले, त्याने कोणी सांगितले म्हणून काही औषध घातले, आणि शुक्रवारी मासा स्वच्छ झाला. मालक समाधान पावतो. वस्तुतः औषधाने काहीच झालेले नसते. परोपजीवी आपल्या ठरलेल्या वेळी मासा सोडून तळाशी गेलेला असतो. आठ-पंधरा दिवसांनी त्याच टाकीत दसपट ठिपके उठतात, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत मासे मरतात. खाद्यात लसणीचा रस मिसळल्याने हा रोग जातो असा जो समज हौशी मंडळींत पसरला आहे, त्याचे मूळ माझ्या मते ह्याच दिसण्यात आहे. लसणीच्या वासाने मासा खाद्याकडे वळत असेल तर ती घालण्यास हरकत नाही. उपचार म्हणून तिच्यावर विसंबू नये.

मीठ उतरविल्याने काय होते

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले म्हणजे त्यांना पाणी सुटते, आणि मनुका पाण्यात भिजत घातल्या म्हणजे फुगतात, हे घरोघर ठाऊक आहे. पातळ पडद्याच्या दोन बाजूंस मिठाचे प्रमाण भिन्न असले म्हणजे पाणी कमी मिठाच्या बाजूकडून अधिक मिठाच्या बाजूकडे जाते. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. ह्या लेखात पुढे क्षारतेचे जे आकडे येतील ते सर्व असे दर हजारी समजावेत. समुद्रातील सामान्य काटेरी माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या सुमारे एक-तृतीयांश असते. म्हणजे समुद्रातील मासा हा एका अर्थी मिठात घातलेल्या कैरीच्या स्थितीत असतो. त्याच्या अंगातून, विशेषतः कल्ल्यांतून, पाणी सतत बाहेर जात असते. ती तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो, आणि त्यासोबत आलेले जादा मीठ कल्ल्यांतील विशेष पेशींच्या द्वारे बाहेर टाकतो. ह्या कामी त्याची शक्ती खर्च होते. आजारी माशाची कातडी व कल्ले ठिकठिकाणी फाटलेले असल्यामुळे हा खर्च वाढतो.

पाण्याची क्षारता ३५ वरून १४ पर्यंत उतरविली म्हणजे बाहेरचे पाणी माशाच्या रक्ताच्या जवळपास येते. माशास त्रास होत नाही. उलट त्याचा भार हलका होतो. परोपजीवीच्या कोषाजवळ मात्र असे क्षारतेचे नियमन करण्याचे साधन नाही. पाणी त्याच्या आत शिरते, मनुकेप्रमाणे तो फुगतो आणि आतील जीव नष्ट होतो.

हे प्रयोगाने दाखवून देण्याचे श्रेय मुख्यतः इस्राएलमधील ऐलात येथे काम करणाऱ्या कोलोर्नी ह्यांस आहे. तेथे शोभेचे नव्हे तर खाण्याचे सागरी मासे टाक्यांत वाढविले जात होते आणि त्यांना हा रोग झाला होता. त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे सांगितले की मासे व त्यांची टाकी ह्या दोहोंची क्षारता १० पर्यंत उतरवून ती तीन तास ठेवावी, आणि दर तीन दिवसांनी ह्याप्रमाणे चार वेळा केले म्हणजे रोगाचा समूळ नाश होतो. ह्यात टाकीसुद्धा उपचारात घ्यावयाची हा मुद्दा महत्त्वाचा आहे. नुसता मासा बादलीत काढून धुतल्याने तळाचे कोष जागच्या जागी राहतात. सुमारे १६ व त्याखालच्या क्षारतेत कोष टिकाव धरीत नाहीत, असेही आढळून आले. घरच्या किंवा लहान व्यवसायाच्या टाकीत वारंवार चढउतार करण्यापेक्षा क्षारता एकदा १४ वर आणून ती सलग चार आठवडे तेथेच ठेवणे अधिक सोयीचे पडते, आणि हीच पद्धत पुढे दिली आहे.

प्रत्यक्ष कृती

आजारी मासे व त्यांच्या टाकीतील निरोगी दिसणारे इतर मासे असे सर्व एका वेगळ्या, रिकाम्या टाकीत घ्यावेत. ह्या टाकीत वाळू, दगड, प्रवाळ काही नसावे. माशांस आडोसा म्हणून नळाचे प्लॅस्टिकचे तुकडे ठेवावेत. पाण्यास हवा देणारा पंप व स्पंजाची गाळणी असावी.

समजा, टाकीत १०० लिटर पाणी आहे व त्याची क्षारता ३५ आहे. सकाळी २० लिटर पाणी काढून तितकेच मुरविलेले गोडे पाणी सावकाश घातले म्हणजे क्षारता २८ होते. संध्याकाळी पुन्हा तसेच केले म्हणजे २२.४ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी १७.९ व संध्याकाळी १४.३ होते. तिसऱ्या दिवशी दोन-अडीच लिटर पाणी बदलले की क्षारता १४ वर येते. दोन दिवसांत केलेला हा उतार बहुतेक मासे सहन करतात. नळाचे पाणी वापरावयाचे असल्यास त्यातील क्लोरीन आधी सोडियम थायोसल्फेटने घालवावे. विहिरीचे पाणी मचूळ असल्यास त्याची क्षारता हिशेबात धरावी.

क्षारता १४ वर आली म्हणजे टाकीच्या काचेवर बाहेरून पाण्याच्या पातळीची खूण करावी. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. शंभर लिटरांतील ५ लिटर पाणी उडाले तर क्षारता १४.७ होते व १० लिटर उडाले तर १५.६ होते, म्हणजे उपाय निरुपयोगी होण्याच्या सीमेशी येऊन ठेपते. उन्हाळ्यात चारपाच दिवस दुर्लक्ष झाले तर लहान टाकीत एवढे पाणी सहज कमी होते. म्हणून रोज सकाळी खुणेपर्यंत गोडे पाणी भरावे.

पहिल्या आठवड्यात माशांवर नवे ठिपके दिसले तरी घाबरू नये. कातडीच्या आत असलेल्या परोपजीवीस माशाचेच संरक्षण असते. उतरलेल्या क्षारतेचा तडाखा त्यास तेथे बसत नाही, तर मासा सोडल्यानंतर बसतो. शेवटचा ठिपका नाहीसा झाल्याच्या दिवसापासून चार आठवडे मोजावेत. मासे पूर्ववत खाऊ-पोहू लागले म्हणून दहाव्या-बाराव्या दिवशी उपचार थांबविणे ही ह्या उपायातील नेहमीची चूक होय.

दोन गोष्टींकडे ह्या काळात रोज लक्ष द्यावे लागते. पाणी पातळ केले म्हणजे आम्लता थोपवून धरण्याची त्याची शक्तीही पातळ होते व सामू उतरू लागतो. तो ८ च्या आसपास राखावा. उतरल्यास १०० लिटर पाण्यास सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, खाण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून थोडाथोडा घालावा. दुसरी गोष्ट अमोनियाची. माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे रूपांतर करणारे गाळणीतील उपयुक्त जंतू क्षारता बदलल्यावर काही दिवस मंदावतात. त्यामुळे खाद्य बेताने द्यावे, उरलेले खाद्य काढून टाकावे, आणि अमोनिया दिसल्यास आधीच १४ क्षारतेचे करून ठेवलेले पाणी वापरून काही भाग बदलावा. अमोनिया असताना प्रथम सोडा घालू नये. सामू चढला म्हणजे अमोनियाचे विष अधिक तीव्र होते, म्हणून आधी पाणी बदलावे व मग सोडा घालावा.

क्षारता परत चढविताना उतरवितानापेक्षा अधिक सबुरी पाहिजे. उतरत्या क्षारतेशी मासा लवकर जुळवून घेतो. चढत्या क्षारतेत मात्र त्याच्या अंगातील पाणी पुन्हा बाहेर ओढले जाऊ लागते आणि मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशींना कामास लागण्यास वेळ हवा असतो. रोज २ पेक्षा अधिक वाढ करू नये. ह्या हिशेबाने १०० लिटरांस रोज सुमारे २०० ग्रॅम सागरी क्षारांचे मिश्रण लागते व ३५ पर्यंत पोहोचण्यास दहा-अकरा दिवस जातात. मिश्रण वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवूनच घालावे. मिठागरातील खडे मीठ स्वस्त पडते म्हणून ते वापरण्याचा मोह होईल. पण मिठागरात मीठ धरते तेव्हा ते बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते. मॅग्नेशियमसारखे इतर क्षार मागे राहिलेल्या कडू पाण्यात जातात व ते पाणी सोडून दिले जाते. खडे मिठाचे पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे.

मापन

सर्व उपाय मापनावर अवलंबून आहे, आणि अपयशाचे कारणही बहुधा तेथेच सापडते. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरमध्ये एक काटा पाण्यात तरंगून विशिष्ट गुरुत्व दाखवितो. त्या काट्यास हवेचे दोन बुडबुडे चिकटले किंवा क्षारांची पुटे बसली की आकडा चुकतो. विशिष्ट गुरुत्वात ०.००२ ची चूक म्हणजे क्षारतेत सुमारे अडीचची चूक. यंत्र १४ दाखवीत असेल व प्रत्यक्षात १६.५ किंवा १७ असेल, तर महिनाभर कष्ट करूनही कोष फुटून पिले बाहेर येत राहतील. शिवाय विशिष्ट गुरुत्वाचा आकडा यंत्र कोणत्या तापमानास जुळविले आहे त्यावर बदलतो. त्यामुळे एकाच १४ क्षारतेच्या पाण्यास एका यंत्रावर १.०१० व दुसऱ्यावर १.००९ असे आकडे येऊ शकतात. म्हणून रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, त्याचा शून्य आकडा शुद्ध केलेल्या पाण्याने व वरचा आकडा ३५ क्षारतेच्या प्रमाण द्रावणाने आठवड्यातून एकदा तपासावा, आणि नोंद वहीत ठेवावी. यंत्राची किंमत प्रथमदर्शनी जड वाटेल. एका चांगल्या माशाच्या किंमतीशी तुलना करून पाहावी.

हा उपाय कोठे चालत नाही

कोळंबी, खेकडे, शंख-शिंपले, प्रवाळ, समुद्रफुले ह्या प्राण्यांना माशासारखी नियमनाची सोय नाही. कोषांबरोबर तेही मरतील. ह्यामुळेच वेगळी टाकी सांगितली. मुशी व पाकट ह्यांच्या बाबतीतही हा उपाय वर्ज्य समजावा. शेतकऱ्यांना खत म्हणून परिचित असलेला युरिया हे मासे आपल्या रक्तात साठवून ठेवतात व त्यायोगे समुद्राच्या पाण्याशी तोल साधतात. त्यांचा सारा मेळ निराळा असल्यामुळे पाणी एकदम पातळ करणे त्यांस घातक ठरते.

मखमली रोग म्हणून ओळखला जाणारा दुसरा एक रोग आहे. त्यात ठिपके दाण्यासारखे नसून पिवळसर बारीक धूळ शिंपडल्यासारखे असतात, मासा धापा टाकतो व दोन-तीन दिवसांतच दगावतो. त्याचा परोपजीवी अमिलोऊडिनियम हा निमखाऱ्या पाण्यातही सुखाने वाढतो, म्हणून क्षारता उतरविण्यात वेळ दवडल्यास मासे हातचे जातात. तेथे ताम्रयुक्त औषधच लागते. परंतु उतरलेल्या क्षारतेत तांबे माशास अधिक विषारी होते. दोन्ही उपाय एका वेळी करू नयेत, आणि मोरचूद हाताच्या अंदाजाने तर मुळीच घालू नये. रोग कोणता ह्याचा संशय असल्यास अंगावरील बुळबुळीत थर हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय. त्यासाठी मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयाकडे किंवा जवळच्या मत्स्य महाविद्यालयाकडे विचारणा करावी.

तैवानमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठिपक्यांच्या परोपजीवीचा असा एक वाण आढळला की जो ५ क्षारतेतही माशांस रोग करीत होता. असा वाण क्वचित भेटतो. तरीही तपासलेल्या यंत्राने क्षारता १४ च असताना तिसऱ्या आठवड्यातही नवे ठिपके उठत राहिले, तर हट्ट न धरता क्षारता सावकाश वर आणावी व मग औषधोपचाराकडे वळावे.

मूळ टाकी व नवे मासे

मासे उपचारात असताना मूळ टाकीचे काय करावयाचे? तिच्यात प्रवाळ असल्यास क्षारता उतरविता येत नाही. शेत पड टाकावे तशी ती माशांविना पड टाकावी. मासा नसला म्हणजे फुटलेल्या कोषांतील पिले उपाशी मरतात. कोष ७२ दिवस तग धरू शकतात हे लक्षात घेता अडीच महिन्यांहून आधी तिच्यात मासे सोडू नयेत. उपचाराचे चार आठवडे, ठिपके जाईपर्यंतचे दिवस व क्षारता चढविण्याचे दिवस मिळून दीड-पावणेदोन महिने होतात. उरलेला काळ मासे वेगळ्या टाकीत पूर्ण क्षारतेत राहू द्यावेत. विक्रेत्याकडून आणलेला प्रत्येक नवा मासाही प्रथम ह्याच टाकीतून गेला पाहिजे.

रायगड जिल्ह्यात खाडीच्या पाण्यावर जिताडा पाळणाऱ्यांना ह्यातून एक फायदा आहे. जिताडा पावसाळ्यात खाडी गोडी झाली तरी तिच्यात राहतो. तोच मासा समुद्रात पिंजऱ्यात वा खाऱ्या टाकीत दाटीने वाढविला तर त्यास ठिपक्यांचा रोग होऊ शकतो, पण शोभेच्या माशांपेक्षा त्याची सहनशक्ती कितीतरी अधिक असल्यामुळे टाकीतील जिताड्याच्या पाण्याची क्षारता १० किंवा त्याखालीही निर्धास्तपणे उतरविता येते. उघड्या समुद्रातील पिंजऱ्यात अर्थातच पाणी पातळ करता येत नाही. तेथे पिंजऱ्यात मासे विरळ ठेवणे, जाळी वेळोवेळी बदलून स्वच्छ करणे व मेलेले मासे त्याच दिवशी बाहेर काढणे एवढेच हाती असते. आजारी टाकीतील हातजाळी, नळ्या व बादल्या निरोगी टाकीस लावू नयेत. त्या गोड्या पाण्याने धुऊन कडक उन्हात पूर्ण कोरड्या करून मगच पुन्हा वापरात आणाव्यात.